बोर्डाला आजाराचं नाव पुरत नाही: दिव्यांग दाखल्यासाठी वैद्यकीय कागद कसे जमवायचे

आमच्या घरात ही वेळ आली तेव्हा ह्यांचं वय ४६ होतं. टेम्पो चालवायचे. एका पहाटे उजवा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली. अकरा दिवस एका खाजगी दवाखान्यात काढले, घरी आणलं, आणि दोन महिन्यांनी कुणीतरी सांगितलं म्हणून भाड्याची गाडी करून सिव्हिलला दाखल्यासाठी नेलं. पिशवीत सत्तरेक कागद होते. औषधांची बिलं, रक्ताचे रिपोर्ट, पावत्या, एमआरआयची मोठी फिल्म. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड मागितलं आणि नेमकं तेच नव्हतं. बिलावरून शेवटच्या दिवशी बोलाचाली झाली होती, त्या गडबडीत दवाखान्याने दिलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही. शिवाय दोनच महिने झालेले. "सहा महिने होऊ द्या, मग या," असं सांगून आम्हाला परत पाठवलं. गाडीभाडं गेलं ते गेलंच, पण ह्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

पुढच्या चार महिन्यांत मी कागद जमवायला शिकले. नंतर गावातल्या आणि नातेवाइकांच्या बऱ्याच फायली लावून दिल्या. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे सगळं महाराष्ट्रातल्या दाखल्याबद्दल आणि त्यावर मिळणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदानाबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. बोर्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणारे सरकारी रुग्णालयातले डॉक्टर, आजार मोजत नाही. आजाराने शरीरातून काय काढून घेतलं, ते मोजतं. "पॅरालिसिस आहे" हे वाक्य टक्केवारीसाठी पुरत नाही. उजव्या हाताने घास तोंडापर्यंत जातो का, जिना चढता येतो का, याचे टक्के होतात. फाईल लावताना प्रत्येक कागदाला हाच प्रश्न विचारा: हा कागद काय सांगतो, आजाराचं नाव की शरीराची आजची अवस्था? दोन्ही प्रकारचे कागद लागतात, पण लोक पहिल्या प्रकारचे गठ्ठे आणतात आणि दुसऱ्या प्रकारचा एकही आणत नाहीत.

आधी पाहा, आपला आजार यादीत आहे का

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. आता अस्थिव्यंग, अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, वाचादोष, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार यांच्याबरोबर स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती, कुष्ठरोगातून बरे झालेले असे बरेच जण येतात. योजनांचा लाभ मात्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच. त्याखालीही दाखला मिळतो, पण बहुतेक दारं त्याने उघडत नाहीत.

कॅन्सर, किडनी निकामी होणं आणि हृदयविकार या यादीत नाहीत. डायलिसिसवर असलेल्या माणसाला घेऊन घरचे बोर्डाच्या रांगेत उभे राहतात आणि संध्याकाळी हिरमुसून परततात, हे मी पाहिलं आहे. त्यांच्यापैकी काहींसाठी दुसरी वाट आहे. संजय गांधी योजनेत दिव्यांगांशिवाय दुर्धर आजाराने ग्रासलेल्यांचाही गट आहे. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी माणसं त्यात येतात. तिथे टक्केवारीचा दाखला लागत नाही, सरकारी रुग्णालयाचं आजाराबद्दलचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा कोणत्या दारातून आत जायचं हे आधी ठरवा आणि मग कागद गोळा करा.

अपेक्षाही जमिनीवर ठेवा. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर नियमाप्रमाणे ३० टक्के होतात, म्हणजे ४० च्या आत. कंबरेच्या मणक्यात गादी सरकल्याचा एमआरआय असला, पण पायात ताकद असली आणि चालणं ठीक असलं, तर टक्के फार कमी बसतात. दोन वेगळी अपंगत्वं असली तर त्यांची सरळ बेरीजही होत नाही, त्यासाठी ठरलेलं सूत्र आहे. कुणी "साठ टक्के नक्की बसवून देतो" म्हणाला, तर त्याच्यापासून लांब राहा.

घाई करू नका, पण उशीरही नको

मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांत तपासणी साधारणपणे आजार झाल्यापासून सहा महिन्यांनी करतात, कारण तोवर सुधारणा होत असते. हा वेळ वाया जात नाही. या सहा महिन्यांत फिजिओथेरपी चालू ठेवा आणि प्रत्येक भेटीची नोंद कागदावर घ्या. सहा महिने नीट उपचार घेऊनही हात उचलत नाही, हे दाखवणारा कागद फाईलला वजन देतो.

मुलांचं वेगळं आहे. अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, पुढे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. बौद्धिक अक्षमतेत पाच वर्षांखालच्या मुलांना तात्पुरता दाखला देतात आणि तो पुढे ठरलेल्या वयांत नवा करावा लागतो. हात किंवा पाय कापला गेला असेल, जखम भरली असेल, तर मात्र थांबण्यासारखं काही राहत नाही.

कागद शोधणं

घरापासून सुरुवात करा. कपाटावरची पिशवी, गादीखालचे केस पेपर, देव्हाऱ्याच्या खणातली कार्डं, सगळं एका चादरीवर पसरा आणि तीन ढीग करा. पहिल्या ढिगात डॉक्टरांनी काहीतरी निरीक्षण लिहिलेले कागद: डिस्चार्ज कार्ड, ओपीडीचे केस पेपर, ऑपरेशनच्या नोंदी, फिजिओथेरपीचं कार्ड. दुसऱ्यात तपासण्यांचे रिपोर्ट. तिसऱ्यात बिलं आणि पावत्या. तिसरा ढीग बोर्डाला लागत नाही, पण फेकू नका. दवाखान्याचा नोंदणी क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख बहुधा त्या बिलावरच सापडते, आणि त्यावरूनच जुना कागद पुन्हा मिळवता येतो.

जे नसेल ते दवाखान्यातून काढायचं. मोठ्या रुग्णालयांत यासाठी वैद्यकीय अभिलेख विभाग असतो, लोक त्याला एमआरडी किंवा रेकॉर्ड रूम म्हणतात. तोंडी विचारून "नंतर या" ऐकत बसू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: रुग्णाचं नाव, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, नोंदणी क्रमांक, आणि कोणते कागद हवेत. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती जवळ ठेवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. मी अर्जात हा नियम एका ओळीत, नम्रपणे लिहिला. चौथ्या दिवशी डिस्चार्ज कार्डाची प्रत माझ्या हातात होती. बिल थकलं होतं तरीही.

तीन वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. दुखणं जुनं असेल तर आजच अर्ज करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, त्या प्रकरणाचे कागद योजनेकडे गेलेले असतात. सरकारी रुग्णालय दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. आणि जुना दवाखानाच बंद झाला असेल, लहानपणीच्या पोलिओचे कागद चाळीस वर्षांनी कुठून आणायचे असा प्रश्न असेल, तर घाबरू नका. दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या व्यंगात जुने कागद नसले तरी बोर्ड आजची अवस्था तपासून टक्के देऊ शकतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा जुन्या एसटी सवलत पासावर व्यंगाचा उल्लेख असेल तर तोही जोडा.

कोणत्या दुखण्याला कोणता कागद

हात-पायांच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. तपासणीच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत हातासाठी रोजच्या कामांची यादी आहे. डोक्यावरची वस्तू काढून परत ठेवणं, बोटाने नाकाला हात लावणं, हाताने जेवणं, केस विंचरून वेणी घालणं, सदरा चढवणं, गुंडी लावणं, नाडी किंवा धोतर बांधणं, पेल्याने पाणी पिणं, शौचाला पाणी घेणं, लिहिणं. पायासाठी सपाट जमिनीवर आणि चढावर चालणं, जिना, एका पायावर उभं राहणं, वळणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं. यातलं प्रत्येक न येणारं काम टक्क्यांत धरलं जातं. त्याशिवाय सांधा किती अंशांत वाकतो आणि स्नायूंची ताकद शून्य ते पाचमध्ये किती, हेही मोजतात. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून या दोन मोजमापांची लेखी नोंद आधीच घेऊन ठेवा. नुसत्या "पोस्ट ट्रॉमॅटिक स्टिफनेस" (मार लागल्यानंतरचा ताठरपणा) या तीन शब्दांवरून कुणालाच काही कळत नाही. एक्सरे ताजा असावा, आणि अपघाताच्या वेळचा पहिला एक्सरेही सोबत असावा.

डोळ्यांची मोजणी चष्मा लावून होते. चष्म्याने सुधारणारी नजर अपंगत्वात धरत नाहीत, म्हणून नवा नंबर काढून त्याच चष्म्यासह जा. मोतीबिंदू असेल तर बहुतेक वेळा आधी ऑपरेशनचाच सल्ला मिळेल. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर नजरेच्या आवाक्याची, म्हणजे फील्डची तपासणी करून घ्या. समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, हे साध्या अक्षरांच्या तक्त्यावर कळत नाही.

कानांचं उलट आहे, यंत्राशिवाय मोजतात. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख हवा, लहान मुलांत बेरा ही तपासणी. मुंबईच्या आसपास असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या तपासण्यांची मोठी सोय आहे. अस्थिव्यंगासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे.

मानसिक आजाराच्या फायलीत सर्वांत जास्त अन्याय कागद नसल्याने होतो, म्हणून इथे थोडी थांबते. इथे आयडियाज नावाची गुणपद्धत वापरतात. स्वतःची काळजी घेणं, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना शून्य ते चार गुण देतात. पाचवे गुण आजार किती काळचा आहे त्याचे. एकूण २० पैकी सात झाले की रुग्ण ४० टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे जुनी चिठ्ठी ही इथे नुसती आठवण राहत नाही, तिचे गुण मिळतात. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेलं होतं आणि तो कागद लाजेपायी फाडून टाकला, असं किती घरांत झालेलं आहे. तेव्हाच्या डॉक्टरांना भेटा, त्यांच्या रजिस्टरमध्ये पहिल्या भेटीची तारीख असेल तर त्यांच्या लेटरहेडवर तेवढंच लिहून घ्या. औषध दुकानदाराकडच्या जुन्या बिलांचाही आधार होतो. आणि घरच्यांचं म्हणणं इथे खरोखर विचारतात. दिवसेंदिवस आंघोळ करत नाही, स्वयंपाक येत होता पण आता गॅस सुरू ठेवून निघून जाते, तीन नोकऱ्या सुटल्या, हे तारखांसह लिहून न्या.

बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांकाची आणि सामाजिक वाढीची, अशा दोन्ही चाचण्या लागतात. बाळ कधी बसलं, कधी चाललं, कधी बोललं, हे आईला पाठ असतं, तेही एका कागदावर लिहा. अंगणवाडीचं कार्ड आणि वर्गशिक्षकांचं पत्र जोडा. स्वमग्नतेसाठी वेगळी भारतीय चाचणी आहे, तिला आयसा म्हणतात. ती मानसशास्त्रज्ञ करतात.

सिकलसेलबद्दल विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी दोन शब्द. साध्या सोल्युबिलिटी चाचणीवर भागत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट हवा. नुसत्या वाहकाला दिव्यांगत्व मिळत नाही. ग्रस्त व्यक्तीने किती वेळा रक्त चढवलं, वेदनेचे झटके येऊन किती वेळा भरती व्हावं लागलं, खुब्याचं हाड खराब झालं आहे का, याचे कागद तारखेनुसार लावा. आठ भरत्यांची आठ डिस्चार्ज कार्डं एकाखाली एक ठेवली की फाईल स्वतःच बोलते. हिमोफिलियात रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरच्या पातळीचा रिपोर्ट आणि रक्तस्रावाच्या नोंदी.

डॉक्टरांचं पत्र

खाजगी डॉक्टर दिव्यांग दाखला देऊ शकत नाहीत, तो अधिकार सरकारने नेमलेल्या रुग्णालयांचाच. पण अनेक महिने उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र बोर्डाला आधार देतं. अडचण अशी की डॉक्टर घाईत असतात आणि "रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे, योग्य ते सहकार्य करावे" असं लिहून देतात. त्याचा काही उपयोग नाही. मी एका चिठ्ठीवर मुद्दे लिहून नेले आणि म्हटलं, "डॉक्टर, एवढ्यांची उत्तरं पत्रात येतील का?" त्यांनी आनंदाने लिहून दिलं. मुद्दे असे: निदान काय आणि केव्हा झालं, कोणते उपचार किती काळ दिले, आज कोणती क्रिया येत नाही, पुढे सुधारण्याची शक्यता आहे का, आणि स्थिती स्थिर आहे की वाढते आहे.

ह्यांच्या पत्रातली ओळ अशी होती: "सहा महिन्यांच्या नियमित फिजिओथेरपीनंतर उजव्या खांद्याची ताकद पाचपैकी दोन, पंजाची पाचपैकी एक, रुग्ण उजव्या हाताने जेवू किंवा लिहू शकत नाही, काठीच्या आधाराने घरात चालतो, जिना चढताना माणूस लागतो." बोर्डाच्या डॉक्टरांनी पिशवीतल्या सगळ्या कागदांत हीच ओळ दोनदा वाचली. पत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख आहे ना, ते दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी पाहा.

घरची नोंदवही

शंभर पानी वही घ्या. पंधरा दिवस, रोज चार ओळी. कुणाच्या मदतीने उठले, काय जमलं, काय नाही, कुठे पडले, रात्री किती वेळा उठवावं लागलं. ही वही बोर्ड मागत नाही आणि तिचे टक्केही होत नाहीत. पण बोर्डासमोर माणूस गोंधळतो. ह्यांना "आता कसं वाटतंय?" विचारलं तर वर्षानुवर्षांच्या सवयीने "बरं आहे" म्हणायचे. आपल्याकडे डॉक्टरांना "बरं आहे" म्हणण्याची रीतच आहे. वही चाळून गेलेला माणूस "आंघोळ बायको घालते, गुंड्या मुलगा लावतो" असं सांगू शकतो. हे सांगताना ह्यांचे डोळे भरून आले. पण ते खरं होतं आणि सांगणं गरजेचं होतं.

नावातली चूक

फायली अडकण्याचं हे मोठं कारण, आणि याचा आजाराशी काही संबंध नाही. आधारवर "बाळासाहेब", डिस्चार्ज कार्डावर "बाळू", शाळेच्या दाखल्यावर "बाळकृष्ण". बाईच्या कागदांवर माहेरचं आणि सासरचं नाव. वयात चार वर्षांचा फरक. दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममधून प्रत काढतानाच नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून मागा. जुना कागद बदलत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. मुळात आधारच चुकीचं असेल तर सगळ्यात आधी ते दुरुस्त करा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं आणि बँकेत पैसेही आधारजोडणीनेच येतात.

फाईल लावणं आणि अर्ज

सर्वात वर एक पान: नाव, वय, आजार कधी सुरू झाला, कोणत्या तारखेला काय झालं, आज काय येत नाही. त्याखाली डॉक्टरांचं पत्र, मग डिस्चार्ज कार्डं जुन्याकडून नव्याकडे, मग रिपोर्ट. दोन झेरॉक्स संच करा. मूळ कागद कुणाच्याही हातात कायमचे देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. फिल्म दुमडू नका. जुने केस पेपर लॅमिनेट करू नका, मागची बाजू वाचता येत नाही आणि नवा शिक्का मारता येत नाही. थर्मल कागदावरचे ईसीजी आणि पावत्या वर्षभरात पांढऱ्या होतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढा.

जून २०२१ पासून दाखला फक्त केंद्राच्या यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतो. अर्ज मोबाईलवरून स्वतः भरता येतो, जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रातून. फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आजाराचा प्रकार निवडताना चूक करू नका, कारण त्यावरून कोणत्या डॉक्टरांकडे जायचं ते ठरतं. पक्षाघातात हात-पायही गेले आणि बोलणंही गेलं असेल तर दोन्ही नोंदवा. आम्ही पहिल्यांदा फक्त हात-पाय लिहिलं होतं. रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातलं निवडा. अर्ज झाला की मिळणारा नोंदणी क्रमांक वहीत लिहा, नुसत्या मोबाईलच्या मेसेजवर विसंबू नका. २०२४ च्या सुधारित नियमांत रुग्णालयाला दाखल्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे.

बोर्डाच्या दिवशी

बहुतेक जिल्हा रुग्णालयांत बोर्डाचे वार ठरलेले असतात, आणि डोळ्यांचा वार वेगळा, हाडांचा वेगळा असू शकतो. आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. रुग्णाला सैल कपडे घाला, पट्टा किंवा कॅलिपर सहज काढता येईल असा. नेहमीच्या गोळ्या चुकवू नका. गोळी न देता नेलं तर टक्के वाढतील असं सांगणारे भेटतात. फिटचा झटका तिथेच आला तर काय करणार? स्त्री रुग्ण असेल तर सोबत एक बाई ठेवाच, आणि तपासणीच्या वेळी तिला आत राहू द्या असं सांगा.

आहे तेवढंच दाखवा. हात अर्धा उचलतो तर अर्धा उचला, अजिबात उचलत नाही असं करू नका. तपासणारे रोज शेकडो हात बघतात. खोटं सांगून लाभ घेतला तर कायद्यातल्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि एका खोट्या दाखल्यामुळे मागच्या दहा खऱ्या माणसांची तपासणी कडक होते, ते मला जास्त लागतं. पण तितकंच महत्त्वाचं दुसरंही: लाजून काही लपवू नका. लघवीवर ताबा नाही, हे पुरुष सांगत नाहीत. सांगा.

दाखला हातात आल्यावर

तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचा: नावाचं स्पेलिंग, अपंगत्वाचा प्रकार, टक्के, आणि दाखला कायमचा की तात्पुरता. यूडीआयडी कार्डाचा रंगही टक्क्यांप्रमाणे असतो. ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि वर निळा. टक्के कमी वाटले तर भांडू नका. कशाच्या आधारे दिले ते विचारा, कोणती तपासणी विचारात घेतली नाही ते पाहा आणि नव्या कागदांसह लेखी अर्ज करा. कायद्याच्या कलम ५९ ने अपिलाचा हक्क दिलेला आहे, आणि राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी घ्या.

मग तहसील. संजय गांधी योजनेसाठी १८ ते ६५ वय, किमान ४० टक्के, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत, अशा अटी आहेत. दाखल्यासोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवास, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार आणि पासबुक लागतं. महिना १,५०० रुपये मिळायचे. दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या. तालुक्याच्या समितीची बैठक होऊन मंजुरी येईपर्यंत ती पोच हाच तुमचा पुरावा.

दाखला तात्पुरता असेल तर संपण्याच्या तारखेच्या तीन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा, आणि तोवर प्रत्येक नवा केस पेपर त्याच फाईलमध्ये लावत जा. आमची फाईल आता दुसऱ्या कप्प्यात गेली आहे. ह्यांची सही पहिल्या पानांवर उजव्या हाताची आहे, पुढच्या पानांवर डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि मागच्या महिन्यातल्या फिजिओच्या कार्डावर डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत, पूर्ण नाव.